पाणी न लागणारी बाई

टाळ्या वाजल्या तेव्हा त्या दुसऱ्या कुणासाठी असाव्यात अशा समजुतीने तिनेही दोन वाजवल्या. शेजारी उभ्या, शर्टाचे कफ शिवणाऱ्या कफवालीने कोपर मारलं, "अगं, तुझ्यासाठीच आहेत. स्वतःच्याच काय वाजवतेस?" आणि तिचे हात हवेतच, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, थिजून राहिले. भोंगा व्हायला अजून अवकाश होता. शिलाईच्या त्या लांबट दालनात यंत्रं गप्प उभी होती, उंच खिडक्यांतून येणारा उजेड कापडाच्या धुळीने जाडसर झाला होता, आणि साहेब एका गठ्ठ्यावर पाय टेकून नव्याने घेतलेल्या मुलींना सांगत होते, "या बाईंकडे नीट बघून घ्या. वर्षभरात यांनी एकदाही बिल्ला मागितलेला नाही. एकदासुद्धा! कामात मन असणं म्हणतात ते हे. सोमवारपासून मुकादमबाईंच्या खुर्चीवर याच बसणार आहेत, आणि बिल्लाही यांच्याच ताब्यात राहील." मुलींनी नीट बघून घेतलं. त्या नजरा आपल्या चेहऱ्यावरून घसरत ओटीपोटापाशी येऊन थांबल्या आहेत असं तिला वाटलं, आणि तिने नकळत डब्याची पिशवी पुढे धरली. आपल्या अंगातली एक अगदी आतली, कधी कुणाला न दाखवलेली खोली कुणीतरी दिवसाढवळ्या उघडली होती, आणि तिच्या रिकामेपणाचं कौतुक करत होतं.

बिल्ला पितळेचा होता, आमटीच्या वाटीच्या बुडाएवढा, वरच्या कडेला भोक पाडून त्यातून सुतळी ओवलेला. मुकादमबाईच्या टेबलाशेजारच्या खिळ्याला तो लटकलेला असे. संडासाकडे जायचं तर तो मागायचा, गळ्यात घालायचा, आणि परत आल्यावर खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा असेल तर कुणीतरी गेलेली आहे, थांबायचं. एका लाईनीला एकच. शर्ट एका हातातून दुसऱ्या हातात असा पुढे सरकत जाई: ती कॉलर करून द्यायची, पुढची ती अंगाला जोडायची, मग बाह्या, मग कफ, काजं, शेवटी बटणं. मधली एक उठली की तिच्यामागे कापड साचायचं आणि पुढच्यांचे हात रिकामे व्हायचे. साहेबांना रिकामे हात दिसले की त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा व्हायचा. बायका तिथे कामाच्याच नावाने ओळखल्या जात. ती कॉलरवाली होती, आणि लाईनीच्या शेवटी, भिंतीला टेकून, बटणवाली. ही बटणवाली वयाने सगळ्यांत मोठी, साखरेच्या दुखण्याची, आणि जिभेने तिखट. तीच एक दिवसातून कितीतरी वेळा उठून बिल्ला मागायची, आणि मुकादमबाई कपाळाला आठ्या घालू लागली की म्हणायची, "माझी टाकी लहान बसवलीय गं बाई घडवणाऱ्याने. तक्रार करायची तर वर कर, मला कशाला डोळे दाखवतेस?"

भोंगा झाला. तिने यंत्राच्या पायफळीवर पाय ठेवला, सुईखाली पहिली कॉलर सरकवली, आणि सवयीने जिभेखाली बटण ठेवलं. ही युक्ती तिला आल्या आल्या कुणीतरी शिकवली होती. आता ती अर्ध्या लाईनीची झाली होती. शर्टाचं एक साधं, चार भोकांचं बटण जिभेखाली धरलं की तोंडाला पाणी सुटत राहतं, घसा कोरडा पडल्याचं कळत नाही, आणि दुपारपर्यंत पेल्याला हात लावावा लागत नाही. पेल्याला हात लावला नाही की बिल्ल्याला लावावा लागत नाही. नव्या मुली पहिल्या आठवड्यात हसायच्या. मग उन्हाळा यायचा, खिळा दोन-चारदा रिकामा दिसायचा, आणि त्याही बटणांच्या खोक्यातून एखादं गुळगुळीत बघून उचलायच्या. कधी कधी सगळं दालन असं दिसायचं, की खाली वाकलेल्या माना, धावत्या सुया, आणि प्रत्येक गालात एक लहानसा फुगवटा. जणू सगळ्याजणींनी एकच शब्द तोंडात धरून ठेवला आहे आणि तो बोलायची वेळ कधी आलीच नाही.

तिच्याबाबतीत मात्र हे शिक्षण फार आधी सुरू झालं होतं. शाळेत, तिसरीच्या वर्गात, तिने करंगळी वर केली होती आणि बाईंनी फळ्यावरून मान न वळवता म्हटलं होतं, "आत्ताच जाऊन आलीस ना?" ती गेलेली नव्हती. गेली होती ती तिच्या बाकावरची दुसरी मुलगी. पण हे सांगायचं तर उभं राहावं लागलं असतं, आणि उभं राहणं तेव्हाच अशक्य झालं होतं. मग बाकाच्या लाकडावर पसरत गेलेली ती ऊब, आधी सुखाची आणि लगेच थंड. मागच्या बाकावरची खुसखुस. घरी जाताना पुढे धरलेलं दप्तर. आई रागावली नाही. तिने झगा धुतला, वाळत घातला, वेणी घालताना केसांवरून जरा जास्त वेळ हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शाळेत निघताना भरून ठेवलेला पेला आईने तिच्यासमोरून हळूच उचलून घेतला. "आल्यावर पी हं, बाळ. आल्यावर हवं तेवढं पी." मायाच होती ती, दुसरं काही नव्हतं. मुलीला जगात लाज वाटू नये यासाठी आईजवळ जे होतं ते तिने दिलं: तिची तहान काढून घेतली. पुढे कितीतरी वर्षं घरचं पाणी तिला आईच्या हातासारखं वाटत राहिलं, संध्याकाळी भेटणारं, दिवसभर वाट बघायला लावणारं.

त्या वाट बघण्यातच ती मोठी झाली. प्रवासाला निघताना आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची, लग्नकार्याच्या दिवशी एवढ्या माणसांतून कुठे जायचं म्हणून तोंडसुद्धा नुसतं ओलं करायची, आणि हे सगळं तिला त्रासाचं न वाटता एखाद्या कसबासारखं वाटू लागलं होतं. नवरा तिला लाडाने उंटीण म्हणायचा. तो एका गोदामावर रात्रीचा राखणदार होता. ती निघायच्या वेळी तो परतायचा. त्यांचा संसार दारात, चहाच्या एका कपाभोवती उभा होता. कप तोच असे. अर्धा ती पिऊन ठेवी, अर्धा तो. रात्री पलंगाची त्याची बाजू थंड, दिवसा तिची. तेव्हा असं वाटे की एकाच माणसाची जागा ते दोघं पाळीपाळीने भरत आहेत. खुर्चीची कुणकुण दोघांना आधीच लागली होती; आजही दारात तो म्हणाला होता, "काय मग, मुकादमीणबाई? खुर्ची मिळाली की मला रात्रीचं घरी झोपायची परवानगी द्याल ना?" हसत म्हणाला होता, पण कप खाली ठेवताना त्याचा हात तिच्या हातावर क्षणभर राहिला. त्यांचा हिशेब साधा होता. ती मुकादम झाली तर पगार वाढणार होता. पगार वाढला तर तो रात्रीचं काम सोडून दिवसाचं, कमी पैशांचं काम धरणार होता. आणि मग इतर माणसांसारखी ती दोघं एकाच वेळी अंथरुणावर पडणार होती. एकमेकांच्या श्वासाची कुरकुर करणार होती. या एवढ्याशा गोष्टीची तिला इतकी भूक होती की ती बोलून दाखवायची लाज वाटे. पाण्यासारखीच तीही तिने जिभेखाली ठेवली होती.

मग टाळ्यांनी आपल्याला असं का सोलून काढावं, हे तिला कळेना. सुई धावत होती, कॉलरी मागे पडत होत्या, आणि त्या टाळ्या कानातून जात नव्हत्या. गेल्या पावसाळ्यात तिला उन्हाळे लागले होते. लघवीच्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग, अंगात ताप, कमरेत कळ. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?" आणि ती चक्क अभिमानाने म्हणाली होती, "मला फारसं लागत नाही." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "पाणी न लागणारी बाई अजून जन्मायची आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मूत्रपिंडाला ते लागतं. ते बोलत नाही एवढंच. असंच चालू ठेवलंत तर एक दिवस कायमचं गप्प बसेल." तिने गोळ्या घेतल्या, ताप उतरला, आणि कारखान्यात 'घरात लग्न होतं' असं सांगितलं. आजारपण कबूल करणं म्हणजे शरीर असल्याचं कबूल करणं, आणि शरीर असलेल्या बाईचं नाव टाळ्यांसाठी पुकारलं गेलं नसतं. हे आता, या क्षणी, कॉलरीचं टोक उलटवून काढताना तिला स्वच्छ दिसलं. टाळ्या तिच्यासाठी नव्हत्याच. ती जिथे नव्हती त्या जागेसाठी होत्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर मुकादमबाईने तिला खुणेने बोलावलं. मुकादमबाई म्हणजे जाड भिंगांची, सुजलेल्या पावलांची, दालनातल्या पाठ असलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून बसून तिच्याच आकाराची झालेली बाई. "ये, दोन गोष्टी समजून घे. सोमवारी मी नसेन," ती म्हणाली, आणि खिळ्यावरचा बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवला. तो कोमट होता. एवढ्या वर्षांत तो असा हातात घेऊन बघायची तिच्यावर वेळ आली नव्हती. कडा घामाने काळवंडलेल्या, मधोमध अंगठ्यांनी घासून आलेली चकाकी. "एकच लक्षात ठेव. कुणीही पहिल्यांदा मागायला आली की नाही म्हणायचं. सरसकट. कारण विचारायचं नाही, कारणं सगळ्यांकडे असतात. परत दुसऱ्यांदा आली तर समजायचं की खरी गरज आहे. मग द्यायचा."

"आणि दुसऱ्यांदा आलीच नाही तर?"

"तर नव्हतीच गरज," मुकादमबाई म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून जरा खालच्या आवाजात, "अशी बघू नकोस. मी काय राक्षशीण आहे? मलाही माझ्या आधीच्या बाईने हेच शिकवलं. पहिल्या पहिल्यांदा जड जातं. मग जीभ वळते."

आणि तेवढ्यात, जणू धडा गिरवायलाच बोलावून आणल्यासारखी, बटणवाली आली. कमरेवर हात, डोळ्यांत नेहमीची मिस्कील घाई. "अरे वा, राज्याभिषेक झाला वाटतं! चला, नव्या सरकारकडून पहिली भिक्षा मलाच. दे गं बिल्ला." मुकादमबाईने भिंगांआडून तिला डोळ्याने खुणावलं, तू बोल. लाईनीतली यंत्रं मंदावली. माना खालीच, पण कान वर. कोमट पितळ तिच्या मुठीत होतं. आपण काय बोलणार आहोत ते तिला ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं, आणि त्यातून एक आवाज आला, कोरडा, मान न वळवता बोलणारा, खडूची भुकटी लागलेला: "आत्ताच जाऊन आलीस ना?"

बटणवालीने कमरेवरचे हात काढले. मग हसली. "जमलं की गं! मला वाटलं तुला वेळ लागेल." ती वळली, दुखऱ्या टाचा सांभाळत भिंतीकडे चालत गेली, आपल्या जागी बसली. तिच्या पायाशी पाण्याची बाटली उभी असायची, प्लास्टिकची, गढूळ झालेली; सगळ्या दालनात उघडपणे पाण्याची बाटली बाळगणारी ती एकटीच. तिने ती उचलली, झाकण घट्ट फिरवलं आणि पिशवीत, अगदी तळाशी, घालून टाकली. मग पुढ्यातल्या खोक्यातून एक बटण घेतलं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. रागाने नाही, कुणाला दाखवायला नाही. एखादं काम बरीच वर्षं टाळावं आणि शेवटी हात झटकून करून टाकावं, तसं. साखरेच्या माणसाला तहान कशी लागते ते तिने एकदा सांगितलं होतं: विहिरीत पडूनसुद्धा घसा ओला होऊ नये अशी. त्या तहानेवर आता एक चार भोकांचं बटण ठेवलेलं होतं, आणि ते तिथे आपण ठेवलं होतं.

कॉलरवालीने आपल्या तोंडातलं बटण बोटांनी काढलं. ते ओलं, उबदार बटण मुकादमबाईच्या टेबलावर ठेवलं. मुकादमबाईला वाटलं, धडा संपला, ही जागेवर जाणार. पण ती दालनाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागली, जिथे झाकण ठेवलेलं पाण्याचं पिंप होतं आणि साखळीला बांधलेला पेला. साखळी गंजलेली होती, साहजिकच होतं. तिने पेला भरला आणि प्यायली. पहिला घोट छातीशी अडकला, एखाद्या अनोळखी पाहुण्यासारखा, आत यावं की न यावं अशा संकोचात. दुसऱ्या घोटाला वाट सापडली. पाणी खाली उतरत गेलं आणि ते जिथे जिथे पोचलं तिथे तिथे आपल्याला एक अवयव आहे हे तिला नव्याने कळत गेलं: हा घसा, ही छाती, हे जठर, या कमरेच्या दोन्ही बाजूंच्या मुक्या मुठी. तिने दुसरा पेला भरला. मग आणखी एक. हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला आणि पोलक्याचा काठ भिजवून थांबला. मागून एकेक यंत्र बंद होत होतं. तिच्या कॉलरी नव्हत्या, त्यामुळे जोडणारीचे हात रिकामे झाले, मग बाहीवालीचे, कफवालीचे. तो रिकामेपणा लाईनीतून सरकत सरकत शेवटी भिंतीपर्यंत पोचला.

"अगं, लाईन थांबली!" मुकादमबाई ओरडली.

"दिसतंय मला," ती म्हणाली. ती परत आली ती सरळ बटणवालीपाशी. "थुंक ते," तिने आपला तळहात पुढे केला.

"तू मला हुकूम सोडतेस होय? सोमवार उजाडायचाय अजून."

"हुकूम नाही, आर्जव समज. मघाशी मी जे बोलले ते माझं नव्हतं. थुंक."

बटणवालीने तिच्या डोळ्यांत बघितलं, गालातल्या गालात बटण एकदा इकडून तिकडे फिरवलं, आणि ते तिच्या हातावर टाकलं. तिने बिल्ल्याची सुतळी त्या म्हातारीच्या गळ्यात घातली. "तू जा. मीही येतेय."

"एका बिल्ल्यावर दोघी?"

"तो तुझ्यासाठी. मला नको."

मुकादमबाई खुर्चीतून उठून उभी राहिली होती. हे दृश्य इतकं दुर्मीळ होतं की काहीजणी तिच्याचकडे बघत होत्या. "वेडी आहेस का तू? सोमवारची जागा घालवशील. साहेबांना काय सांगू मी?" तिच्या आवाजात धमकीपेक्षा काळजी अधिक होती, आणि त्यामुळेच ते ऐकणं कठीण गेलं. खुर्ची गेली होती, हे तिलाही कळत होतं. खुर्चीबरोबर नवऱ्याचं दिवसाचं काम, अंथरुणातली ती कुरकुर, पलंगाची ती थंड बाजू ऊबदार व्हायची वाटही गेली होती. उद्या दारात, कपाच्या अर्ध्यावर, त्याला हे सांगावं लागेल. तो हसेल की गप्प होईल? गप्प झाला तरी सांगावं लागेल. ती त्याला असंही सांगणार होती की मला तू रात्रीचा घरी हवा आहेस, फार हवा आहेस. इतकी वर्षं तोंडातून न काढलेलं हे वाक्य उद्या ती चहाच्या वाफेत स्पष्ट बोलणार होती. त्यासाठी दुसरी काही वाट शोधू, दोघं मिळून शोधू, भांडून शोधू. पण दुसऱ्या बायकांच्या अडवून धरलेल्या लघवीवर आपलं अंथरूण घालणार नव्हती ती.

"सांगा की कॉलरवालीला लागली," ती म्हणाली. "याच शब्दांत सांगा."

दालनात कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. हसणं पसरत गेलं, खालच्या मानांमधून, भरलेल्या गालांमधून. आणि संडासाकडे जाणाऱ्या जिन्याकडे वळताना तिला जमिनीवर एक बारीक टक् असा आवाज ऐकू आला, मग आणखी एक. बटणं पडत होती.

संडास तीन होते. दोहोंची दारं खिळे ठोकून बंद केलेली. बटणवाली आधी आत जाऊन आली, सुटकेचा लांब उसासा टाकत, ओले हात पदराला पुसत. "जा आता, महाराणी. निवांत जा." तिने दार लावलं, कडी घातली, आणि बसली. काहीच झालं नाही. अंग तयार होतं, ओटीपोट तट्ट फुगून दुखत होतं, पण आतलं दार उघडेना. एवढ्या वर्षांची शिस्त एका हाकेने कशी मोडणार? हाकलून दिलेल्या, पुन्हा पुन्हा परत पाठवलेल्या एखाद्या मुलासारखं तिचं शरीर उंबऱ्याशी उभं होतं आणि विश्वास ठेवत नव्हतं. पूर्वी ती उठली असती. नव्हतीच गरज, असं स्वतःला समजावून, कपडे नीट करून, परत यंत्रावर गेली असती. तिने पाठ भिंतीला टेकवली. वरच्या झरोक्यातून दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याकडे बघितलं. त्यात विशेष काही नव्हतं. मांड्यांवरचे हात तिने सैल सोडले, मग खांदे, मग जबडा. जिभेखालची रिकामी जागा जिभेने चाचपली. ये, ती मनात म्हणाली, ये बाळ, कुणी विचारणार नाही.

बाहेर बुटांचा आवाज आला. साहेबांनी दारावर थाप मारली आणि मग, बायकांच्या संडासाशी आपण उभे आहोत हे लक्षात येऊन, मागे सरल्यासारखा त्यांचा आवाज थोडा दुरून आला. "बाई! काय चाललंय हे? सगळी लाईन बंद आहे."

"अहो साहेब," बटणवालीचा आवाज, "दारावर थापा मारून लवकर येतं होय ते? तुमचं येतं का?"

पुन्हा हसणं. ते जवळून आलं. जिन्यावर बऱ्याचजणी येऊन उभ्या असाव्यात, एकीमागे एक, गळ्यात काहीही न घालता. साहेबांनी घसा साफ केला. "मी चांगल्या शब्दांत विचारतोय. झालं का तुमचं?"

"नाही," ती आतून म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता. ओला होता.

"अजून किती वेळ लागेल?"

तिने डोळे मिटले. पोटाच्या तळाशी काहीतरी हललं, सैल झालं, पहिल्यांदाच खात्री पटल्यासारखं.

"लागेल तेवढा," ती म्हणाली.